उकिरड्याची बारा वर्षे

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. ज्याने ही म्हण केली त्याचा उकिरडा शेणाचा, राखेचा, पालापाचोळ्याचा होता. खरे तर त्याला बारा वर्षेही लागत नसत. एकदोन पावसाळ्यांत खत होऊन तो भाताच्या शेतात जाई. डहाणू तालुक्यात, कासा परिसरातल्या पाड्यांवर असे खड्डे अजून आहेत. पण चारोटी नाक्याकडून येताना रस्त्याच्या कडेला जे साचते ते कुठल्याच शेतात जाणार नाही. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, आणि लग्नात पळसाच्या पत्रावळीला उठवून बसलेल्या थर्माकोलच्या ताटल्या. याचे पांग कधी फिटायचे?

मुंबईत फिटलेले एक उदाहरण आहे. माहीमला, मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून शहराचा कचरा पडत असे. 1983 मध्ये डॉ. सालिम अलींच्या हातून तिथे रोप लागले आणि 1994 मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी खुले झाले. साधारण 37 एकर. मध्ये अकरा वर्षे गेली, म्हणजे म्हण जवळजवळ खरी ठरली. आज झाडी इतकी दाट आहे, की खाली काय आहे ते सांगावे लागते. जमीन थोडी खचली तरी झाड सांभाळून घेते.

इमारत घेत नाही. मालाडला जुन्या डम्पिंगवर माइंडस्पेस हे कार्यालयांचे संकुल उभे राहिले. काचेच्या भिंती, आत संगणकांच्या रांगा. मग यंत्रे बंद पडू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि संशय जमिनीतून येणाऱ्या वायूंवर गेला. यात गूढ काही नाही. हवेवाचून कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो, तसा हायड्रोजन सल्फाइडही. पैंजण काळे पडतात ते गंधकामुळे. तेच गंधक सर्किटमधले तांबे आणि चांदी खाते. वर माती टाकली, फरश्या बसवल्या, कारंजे लावले, तरी खालचे कुजणे चालूच राहते.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी म्हणून म्हणीपेक्षा तीन वर्षे जास्तच मागितली. बंद केलेल्या जागेवर पंधरा वर्षे लक्ष ठेवायचे आणि वायू, झिरपणारे पाणी, जमिनीची स्थिरता हे सगळे तपासल्यावरच वस्तीचा विचार करायचा. जुना कचरा उपसून चाळण्याचा, म्हणजे बायोमायनिंगचा, मार्गही आहे. त्याने वाट पाहणे वाचते. पण खर्च मोठा, आणि चाळून निघालेले प्लॅस्टिक कुठेतरी न्यावेच लागते.

देवनारचे डम्पिंग 1927 पासूनचे. 2016 मध्ये ते पेटले तेव्हा धुराने मुंबईचा श्वास कोंडला होता. 2024 मध्ये त्यातली 124 एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचे राज्य सरकारने ठरवले. ज्या धारावीच्या शेजारी कचऱ्यावर वन वाढले, तिथल्याच काही जणांच्या वाट्याला आता कचऱ्याची जमीन. झाडांना अकरा वर्षे दिली, माणसांना किती देणार? ‘शाश्वत’ हा शब्द बिल्डरांच्या माहितीपत्रकात फार स्वस्त झाला आहे. मी तो जमिनीला दिलेल्या वेळावरून जोखतो.

आमच्याकडे कचऱ्यावर घरे बांधायची वेळ अजून आलेली नाही, हे आमचे नशीब. डहाणू तालुका 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, उद्योगांना 500 एकरांची मर्यादा पडली. थर्माकोलच्या ताटलीला मात्र कोणी परवाना विचारत नाही. वाढवणला बंदर येते आहे. जमिनीचे भाव चढले, की आज कोणाला नको असलेला खड्डा ‘मोक्याचा प्लॉट’ होईल. तेव्हा खाली काय पुरले आहे, हे सांगायला कोण असेल?

डहाणू-तलासरीत पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. म्हणून ग्रामसभांना एक विनंती. कचरा पडतो त्या जागेचा गट नंबर, तो पडू लागल्याचे साल आणि थांबल्याचे साल ठरावात लिहून ठेवा, आणि सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त त्याची नोंद मागा.