लेकुरवाळें घर व लोकांचें तोंड

दहा मुलांचें घर पाहून लोक गप्प राहिले असें फारसें घडत नाहीं. आपल्या मराठी भाषेंत अशा घरास दोन नांवें आहेत. घर ऐपतदार असलें, दारीं बैलजोडी किंवा मोटार असली, म्हणजे तें 'गोकुळ'. आणि घर मजुराचें असलें, छप्पर गळकें असलें, म्हणजे त्याच दहा मुलांचें 'लेंढार'. (गोकुळ हा शब्द आमच्या मंडळ्यांतही सर्रास चालतो; तो कोठून आला हें कोणी विचारीत नाहीं.) मुलें तितकींच, आईच्या प्रसूतिवेदनाही तितक्याच, फरक पडतो तो बोलणाराच्या जिभेंत. तेव्हां आज आम्ही वाचकांपुढें जो प्रश्न मांडणार आहों तो असा कीं, शेजाऱ्याच्या घरचे पाळणे मोजून त्यावर निकाल देण्याचा अधिकार लोकांस आहे काय, आणि असल्यास तो केव्हां व किती?

जॉन वेस्ली ह्यांच्या मातोश्री सुझॅना ह्यांचें नांव आमच्या उपदेशकबंधूंस ठाऊक आहेच. त्या स्वतः आपल्या बापाचें पंचविसावें अपत्य, व त्यांस १९ मुलें झालीं. व्यासपीठावरून त्यांची स्तुति वारंवार होते, व ती योग्यच आहे. परंतु १९ पैकीं ९ मुलें तान्हेपणींच गेलीं, आणि १७०५ सालीं त्यांचे पति कर्जापायीं तुरुंगांत पडले होते, ह्या गोष्टी त्या स्तुतींत सहसा येत नाहींत. मुलगा थोर निघाला म्हणून घर गोकुळ ठरलें. तो तसा निघाला नसता तर त्या कर्जबाजारी पाळकाच्या घरास लोक काय म्हणते, हें सांगावयास नको.

मोठ्या कुटुंबाविषयीं लोकांचें तोंड कसें चालतें, हें एका परक्या प्रांताच्या दहा-बारा वर्षांच्या इतिहासांत फार स्पष्ट दिसतें. तो प्रांत म्हणजे कॅनडा देशांतील ओंटारिओ. तेथील टोरोंटो शहरांत चार्ल्स व्हॅन्स मिलर नांवाचा एक अविवाहित व धनाढ्य वकील ता. ३१ ऑक्टोबर १९२६ रोजीं मरण पावला. गृहस्थ मोठा थट्टेखोर. त्यानें मृत्युपत्रांत असें लिहून ठेविलें कीं, आपल्या मृत्यूनंतर दहा वर्षांत टोरोंटो शहरांत जी आई सर्वांत अधिक मुलांना जन्म देईल, व त्या जन्मांची सरकारी दप्तरांत नोंद असेल, तिला आपली उरलेली सर्व मालमत्ता द्यावी. बोलणाराचें तोंड मातीखालीं गेलें, पण थट्टा दहा वर्षें चालू राहिली. त्या देशांत, मूल कोठून आलें असें लहानांनीं विचारिलें तर करकोचा पक्षी चोचींत धरून आणतो असें मोठीं माणसें सांगतात. म्हणून वर्तमानपत्रांनीं ह्या प्रकाराला करकोच्याची शर्यत असें नांव दिलें.

पुढें १९२९ सालानंतर मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले, आणि हजारों घरें सरकारी मदतीच्या शिध्यावर जगूं लागलीं. अशा घरांतील बायकांची नांवें वर्तमानपत्रांत छापून येत. कोणीचीं सात झालीं, कोणीचीं आठ, ह्याचा हिशोब घोड्यांच्या शर्यतीचा ठेवावा तसा ठेविला जाई. कित्येक वर्तमानपत्रांनीं तर ह्या आयांशीं करार करून त्यांच्या हकीकती आपल्यासाठीं राखून घेतल्या. १९३२ सालीं प्रांतिक सरकारनें ती मालमत्ता आपल्याकडे घेऊन विद्यापीठास देण्याचा विचार केला. तेव्हां लोक असे खवळले कीं तो बेत सोडून द्यावा लागला. म्हणजे शर्यत किळसवाणी म्हणून नाक मुरडणारेही लोकच, आणि ती मोडूं नका म्हणून ओरडणारेही लोकच.

ऑक्टोबर १९३६ मध्यें मुदत भरली व प्रकरण न्यायालयांत गेलें. विवाहाबाहेर झालेलें मूल मोजावयाचें नाहीं, मृत जन्मलेलें मूलही मोजावयाचें नाहीं, असें ठरलें. शेवटीं प्रत्येकी नऊ मुलांच्या चार आयांस बक्षीस वांटून मिळालें; प्रत्येकीच्या वांट्यास एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम आली. ज्या आणखी दोघींचा हक्क वर सांगितलेल्या कारणांनीं नाकारला गेला, त्यांस साडेबारा हजार डॉलर देऊन दावा मिटविण्यांत आला. ज्या बाईनें मेलेलें मूल जन्मास घातलें, तिच्या त्या बाळाला भर न्यायालयांत हिशोबांतून वगळण्यांत आलें, ह्या गोष्टीवर आमचें मन फार वेळ अडून राहतें. दहा वर्षें जे लोक ह्या बायकांच्या पोटाकडे पाहत होते, त्यांच्यापैकीं किती जण त्या बाळाच्या मूठमातीला गेले असतील?

त्याच प्रांतांत ता. २८ मे १९३४ रोजीं कॉर्बील गांवाजवळ डिऑन नांवाच्या गरीब शेतकऱ्याच्या घरीं एकाच वेळीं पांच मुली जन्मल्या. घरांत आधींचीं पांच मुलें होतींच. पांच जुळ्या मुली जगल्या असें पूर्वीं ऐकिवांत नव्हतें. बापानें गांगरून व पैशाच्या विवंचनेंत एका प्रदर्शनवाल्याच्या करारावर सही केली. त्याबरोबर गहजब झाला, आणि मुलींच्या रक्षणासाठीं म्हणून सरकारनें त्या आईबापांपासून काढून आपल्या ताब्यांत घेतल्या. मग सरकारनें काय केलें? रस्त्यापलीकडे त्यांच्यासाठीं स्वतंत्र इमारत बांधिली, आणि मुलींना दिसूं नये अशा जाळीमागून लोकांस त्यांचा खेळ पाहूं दिला. १९४३ पर्यंत सुमारे तीस लाख माणसें पाहून गेलीं. बापानें जें करूं नये म्हणून मुली हिरावल्या, तेंच सरकारनें मोठ्या प्रमाणावर केलें. जुन्या घरांतल्या पांच भावंडांना मात्र कोणी पाहावयास येत नव्हतें. १९९८ सालीं ओंटारिओ सरकारनें त्या वेळीं हयात असलेल्या तिघी बहिणींस चाळीस लाख डॉलर भरपाई दिली.

आतां तिसरी गोष्ट. शर्यतीची मुदत भरण्याच्या सुमारास, सप्टेंबर १९३६ मध्यें, ईस्टव्ह्यू नांवाच्या गरीब वस्तींत डोरोथिया पामर नांवाच्या एका बाईला पोलिसांनीं पकडलें. तिचा अपराध काय? ती घरोघर जाऊन, ज्या आयांस आणखी मूल नको असेल त्यांस संततिनियमनाची माहिती देत असे. १८९२ सालच्या कायद्यानें तो गुन्हा होता, व तो कायदा १९६९ पर्यंत चालला. अधिक मुलांबद्दल बक्षीस ठेवणारें मृत्युपत्र न्यायालयांस कायदेशीर वाटलें. आणि कमी मुलें कशीं होतील हें आईच्या कानांत सांगणारी बाई आरोपीच्या पिंजऱ्यांत उभी! मार्च १९३७ मध्यें ती निर्दोष सुटली, हें ठीक झालें. पण तिला सोडतांना मॅजिस्ट्रेटनें जें कारण दिलें त्यांतही, गरिबांचीं मुलें कर भरणाऱ्यांवर ओझें होतात, असा सूर होता. मुक्ततेच्या निकालांतही लेंढार हा शब्द निराळ्या भाषेंत आलाच.

ह्या तीन गोष्टींवरून आम्हांस एक भेद दिसूं लागतो. मूल जन्मण्यापूर्वीं संख्या हा विचाराचा विषय आहे. आईची प्रकृति कशी, मागचें मूल अजून अंगावर पितें काय, जमीन किती, पाणी किती, हें सर्व बोलतां येतें, व पतिपत्नींनीं तें बोललेंच पाहिजे. परंतु मूल जन्मल्यावर तें संख्या राहत नाहीं. त्याला नांव मिळतें. 'आठ म्हणजे फारच झालीं' असें जो म्हणतो, त्यानें आठव्याकडे बोट दाखविलेंच, त्याच्या मनांत तसें असो वा नसो. आणि तें मूल बहुधा तेथेंच, आईच्या पदराआड उभें असतें. आपण जन्मलों नसतों तर बरें झालें असतें, हें त्याला लोकांकडून कळतें. लोकांची खोड अशी कीं बोलावयाच्या वेळीं तीं लाजतात, आणि गप्प राहावयाच्या वेळीं त्यांस कंठ फुटतो.

हें कॅनडाचें आहे असें म्हणून कोणी हात झटकूं नये. मुंबईंत प्रो. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनीं १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र काढिलें, तेव्हां पामरबाई अद्याप कोणाच्या ऐकिवांतही नव्हती. विल्सन कॉलेजांतील, म्हणजे मिशनच्याच कॉलेजांतील, नोकरी त्यांस ह्या कामापायीं सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ सालीं मरेपर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, व त्यापायीं खटलेही सोसले. कर्वे धर्म मानीत नसत, व त्यांचीं पुष्कळ मतें आम्हांस मान्य नाहींत. पण वेळेवर बोलणाऱ्या माणसाची आपल्याकडेही काय गत झाली, हें त्यांच्यावरून दिसतें.

मग वारा फिरला. ज्या देशांत 'अष्टपुत्रा भव' हा नववधूस आशीर्वाद, त्याच देशांत भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण आला. १९७६ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें, तीन मुलांनंतर सक्तीनें शस्त्रक्रिया करण्याचें विधेयकच मंजूर केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें तें कायदा झालें नाहीं. १९७६-७७ ह्या एका वर्षांत देशांत ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुढें महाराष्ट्रांत असा नियम झाला कीं, १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्याला तिसरें मूल होईल त्यास ग्रामपंचायतीचा सभासद राहतां येणार नाहीं. आमच्या मते ह्या नियमाचा मोठा दोष हा कीं तो मूल जन्मल्यावर बोलतो. सरपंचबाईचें पद गेलें, तर त्या घरांत पुढें जन्मभर कोणत्या मुलाकडे पाहून तें आठवलें जाणार? आणि पद ज्याला राखावयाचें त्यानें मूल लपविलें, किंवा बायकोला माहेरीं धाडिलें, तर नवल काय?

इतक्यांत वारा पुन्हां फिरत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें १९९२-९३ मध्यें महाराष्ट्रांतील स्त्रीमागें सरासरी २.९ मुलें होतीं. २०१९-२१ मध्यें तीं १.७ झालीं. आंध्र प्रदेशांत दोन मुलांची अट १९९४ पासून होती. ती २०२४ च्या नोव्हेंबरांत काढून टाकण्यांत आली, आणि तेथील मुख्यमंत्री लोकांस अधिक मुलें होऊं द्या असें सांगूं लागले. तीस वर्षें ज्याला लेंढार म्हटलें त्याचें पुन्हां गोकुळ होण्याचीं हीं चिन्हें. ज्या बाईचें पंचायतीचें पद त्या तीस वर्षांत गेलें, तिला आतां कोण काय सांगणार?

कोणी म्हणेल, पाळकबुवा, मग समाजानें बोलूंच नये काय? विहीर एकच, शाळा एकच, रेशनचें दुकान एकच. माझ्या शेजाऱ्याच्या घरच्या संख्येचा माझ्या घराशीं संबंध पोंचतोच. हा आक्षेप खरा आहे, व 'ज्यानें चोंच दिली तो चारा देईल' एवढें म्हणून तो उडवून लावतां येत नाहीं. चारा आणतांना आईचीं हाडें दिसूं लागलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. पण विहिरीची काळजी असलेल्या माणसाची भाषा निराळी असते. तो लग्न होतांच त्या जोडप्याशीं बोलतो, दवाखान्याची वाट दाखवितो, दोन मुलांत अंतर ठेवावयास सांगतो, आणि तरीही पांचवें आलेंच तर अंगडें घेऊन जातो. नुसता टोमणा मारणाराला विहिरीची काळजी नसते, त्याला पाहावयाची हौस असते; डिऑनच्या जाळीमागें उभे राहणारे तेच.

उपदेशकबंधूंस एक व्यवहाराची गोष्ट सुचवितों. हें सर्व बोलणें आजवर बायकांपुढेंच होत आलें आहे. टोमणा तिलाच, सल्ला तिलाच, आणि शस्त्रक्रियाही तिचीच. २०१९-२१ च्या त्याच पाहणींत देशांतील विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ३८ जणींनीं स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. जिच्या नवऱ्यानें ती करून घेतली अशी शेंकडा एकही नाहीं, हजारांत तीन. १९७६ च्या सक्तींत बहुतेक पुरुषच धरले गेले होते, आणि त्या धास्तीनें पुरुष जे मागें सरले ते अजून पुढें आलेले नाहींत. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, पोट उघडावें लागत नाहीं, व माणूस त्याच दिवशीं घरीं जातो. तेव्हां उपासना संपल्यावर बायका भाकरी टाकावयास घरीं गेल्या, कीं पुरुषमंडळींस झाडाखालीं जरा बसवून घ्यावें. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस आधीं निरोप दिला तर ते बहुधा येतात. पहिल्या बैठकीस तिघेंचौघेंच थांबतील, व तेही मान खालीं घालून.