मोशेच्या मस्तकावरील शिंगे

शास्त्रपाठ : निर्गम ३४:२९-३५, २ करिंथ ३:७-१८

रोम नगरास गेलेला प्रवासी कलोसियम पाहिल्यावाचून परतत नाही. तेथून थोडी चढण चढून गेल्यास ‘साखळदंडातील संत पेत्र’ या नावाचे पुरातन ख्रिस्तमंदिर लागते. पेत्राच्या म्हणून जतन केलेल्या बेड्या तेथे वेदीखाली ठेविल्या आहेत. लोक मात्र उजव्या बाजूस खोळंबून उभे असतात, कारण तेथे मायकेलअँजेलोने घडविलेला मोशे बसला आहे. बैठा असूनही तो सुमारे २३५ सेंटिमीटर उंच आहे. हाताखाली आज्ञांच्या दगडी पाट्या, पोटापर्यंत रुळणारी दाढी, आणि मस्तकावर दोन शिंगे!

पोप दुसरे ज्युलियस यांच्या समाधीचे हे काम १५०५ साली सांगितले गेले व १५४५ साली कसेबसे पुरे झाले. (पोपमहाशयांचा देह तेथे नाहीच, तो संत पेत्राच्या महामंदिरात आहे.) मोशेची मूर्ती साधारण १५१३ ते १५१५ मधली. आपल्याकडील भाविक ती पाहून बाहेर येतो तो एकच प्रश्न घेऊन : देवाच्या सेवकाला शिंगे कशी?

त्याचे उत्तर शिल्पशाळेत नव्हे, भाषांतरकाराच्या मेजावर सापडते. सीनाय पर्वतावरून उतरणाऱ्या मोशेच्या मुखाविषयी हिब्रू शास्त्रात जे क्रियापद आले आहे, ते ‘केरेन’ म्हणजे शिंग, या शब्दाच्या कुळातले आहे. किरणे शिंगांप्रमाणे बाहेर पडतात, अशी ती कल्पना असावी. ग्रीक सप्तती भाषांतराने आशय धरला व मुख गौरवयुक्त झाले असे म्हटले. अक्विला याने आपल्या ग्रीक भाषांतरात शब्द धरला. चौथ्या शतकाच्या अखेरीस बेथलेहेमात बसून लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमनेही शब्दच धरला व ‘शिंगयुक्त’ असे लिहिले. हे अज्ञान नव्हते. यहूदी गुरूंपाशी हिब्रू शिकलेला तो पंडित होता. सप्ततीतला शब्द त्याला ठाऊक होता. शास्त्रात शिंग ही बळाची व सन्मानाची खूण आहे हेही ठाऊक होते. पण वाचणाऱ्याला ते ठाऊक असेल, हे त्याने गृहीत धरले. माझ्या मते चूक झाली ती येथे.

कित्येक शतके चित्रकारांनी मोशेला शिंगे काढली नाहीत. अकराव्या शतकातील एका इंग्रजी हस्तलिखितात ती प्रथम दिसू लागतात. पुढे फ्रान्समधील दिजाँ येथे क्लाउस स्लूटर या शिल्पकाराने १३९५ नंतरच्या काही वर्षांत ‘मोशेची विहीर’ घडविली. तिच्यावरील सहा संदेष्ट्यांपैकी मोशेलाही शिंगे आहेत. तो मठ फ्रेंच राज्यक्रांतीत उद्ध्वस्त झाला, आणि आज ते शिल्प पाहण्यासाठी मनोरुग्णालयाच्या आवारात जावे लागते!

शिंगे दगडातच राहिली असती, तर प्रवाशाचे कौतुक एवढेच त्यांचे मोल. परंतु १२६७ साली व्हिएन्ना येथील धर्मसभेने यहूद्यांनी शिंगासारखी टोकदार टोपी घालावी असा नियम केला. तो नियम जेरोमच्या शब्दातून निघाला असे मी म्हणत नाही. मात्र उपासनेत शिंगे असलेला मोशे आणि रस्त्यात शिंगाची टोपी घातलेला यहूदी पाहणाऱ्या अडाणी माणसाने काय मानले असेल? यहूद्यांना खरोखर शिंगे असतात, हा हीन समज युरोपात शतकानुशतके टिकला. तो मानणारे आपल्यासारखेच रविवारी उपासनेला बसत होते.

आपल्या मराठीत तर ‘शिंगे फुटली’ म्हणजे माणूस चढेल झाला. आणि हा मोशे कोण? भूतलावरील सर्व मनुष्यांहून नम्र, असे ज्याच्याविषयी गणना १२:३ मध्ये सांगितले आहे तो. आपले मुख प्रकाशमान झाले आहे, हे त्याचे त्यालाच माहीत नव्हते! लोक भ्याले, तेव्हा त्याने त्यांना जवळ बोलाविले, देवाची वचने सांगितली आणि मग मुखावर आच्छादन घेतले. हे आच्छादन ख्रिस्ताच्या ठायी दूर होते, असे पौल करिंथकरांस लिहितो, आणि त्या तेजाचा वाटा एका मोशेपुरता न ठेवता आपणा सर्वांना देतो. शिंगे दुसऱ्याच्या मस्तकावर बसविता येतात. हे तेज मात्र देवासमोर उभे राहिल्यावाचून कोणाच्या मुखावर येत नाही.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका डोंगराळ भागात तेथील बोलीतला लूकचा मसुदा आम्ही गावकऱ्यांना वाचून दाखवीत होतो. जखऱ्याच्या गीतात (लूक १:६९) तारणाच्या संदर्भात ‘शिंग’ हा शब्द येतो. मुळाशी प्रामाणिक राहायचे म्हणून तो मी आग्रहाने तसाच ठेविला होता. सहकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा ग्रीक शब्दकोश पुढे केला होता. वाचन संपल्यावर मागे बसलेल्या एका आजीबाईने विचारले, “साहेब, देव आम्हांला वाचवाया येतोय, का ढुसणी द्याया?”

कोणी हसले नाही. त्या रात्री कंदिलाशी बसून मी तो शब्द खोडला. त्याच्या जागी कोणता घालावा, याविषयी आमच्या मंडळीत अजून दोन मते आहेत.