शिक्षा संपते कधी?

‘स्ट्रेट टाइम’ हा १९७८ सालचा अमेरिकी चित्रपट पाहिलेल्यांमध्ये हमखास वाद होतो. घरफोडीसाठी सहा वर्षं तुरुंगात काढलेला मॅक्स डेम्बो लॉस एंजेलिसला परततो. तो नोकरी शोधतो, खोली भाड्याने घेतो, एका मुलीच्या प्रेमात पडतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा दरोडे घालू लागतो. काही प्रेक्षकांच्या मते मॅक्सला त्याच्या पॅरोल अधिकाऱ्याने बिघडवलं. काहींना वाटतं की तो मूळचाच तसा होता, अधिकारी फक्त निमित्त झाला. आणखी काही जण चित्रपटावरच नाराज असतात. नायकाबद्दल धड कणव नाही, धड धिक्कार नाही, मग यातून घ्यायचं काय, असा त्यांचा सवाल असतो.

तिसरी तक्रार आधी बाजूला ठेवता येईल, कारण चित्रपटाचा कोरडेपणा हेच त्याचं बळ आहे. दिग्दर्शक उलू ग्रोसबार्ड कुठेही संगीताने डोळे ओले करत नाही आणि डस्टिन हॉफमन मॅक्सला गोड करून दाखवत नाही. निवाडा करायचं काम प्रेक्षकावर सोपवलेलं आहे. पहिल्या दोन तटांचा वाद मात्र गंभीर आहे. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न सिनेमाहून पुष्कळ जुना आहे: शिक्षा भोगून झालेल्या माणसाचं त्याच्या गुन्ह्याशी नातं काय उरतं?

मराठी वाचकाला पॅरोल म्हटलं की कैद्याला काही दिवसांसाठी मिळणारी रजा आठवते. इथे प्रकार वेगळा आहे. मॅक्स तुरुंगातून सुटला आहे, पण अटींवर. त्याने कुठे राहायचं, कोणाला भेटायचं, कोणती नोकरी करायची यावर अर्ल फ्रँक या अधिकाऱ्याची नजर आहे. फ्रँक कधीही त्याच्या खोलीत शिरून झडती घेऊ शकतो. मॅक्सचा मित्र विली त्याच्या खोलीत हेरॉइन घेऊन जातो आणि मागे जळलेल्या काड्या राहतात. फ्रँकला त्या सापडतात. मॅक्सच्या दंडावर सुईची एकही खूण नसते, तरी फ्रँक त्याला बेड्या घालून कोठडीत टाकतो. तपासणीत मॅक्स निर्दोष ठरतो. त्याला न्यायला फ्रँक हसतमुखाने येतो आणि गाडीत मित्राचं नाव विचारू लागतो. मॅक्स त्याच्यावर झडप घालतो, त्याची पँट उतरवून त्याला भर रस्त्यात कुंपणाला बेड्यांनी अडकवतो आणि पळून जातो. परतीची वाट तिथेच बंद होते.

एवढंच पाहिलं तर पहिल्या तटाचं म्हणणं पटतं. पण चित्रपटात जेरी नावाचा आणखी एक सुटलेला कैदी आहे. त्याच्या मागे कुठलाही फ्रँक लागलेला नाही. त्याला घर आहे, पोहण्याचा तलाव आहे, जीव लावणारी बायको आहे. तरीही बायको जरा बाजूला होताच तो मॅक्सला विनवतो की मला यातून बाहेर काढ. जवाहिऱ्याच्या दुकानातल्या दरोड्यात निघायची वेळ टळून गेलेली असते. जेरी ओरडत असतो आणि मॅक्स आणखी दागिने गोळा करत राहतो. त्या हावेपायी जेरी पोलिसांच्या गोळीने मरतो. गाडी घेऊन पळालेल्या विलीला मॅक्स पुढे ठार मारतो. विलीला बायको आहे, लहान मूल आहे. हे सगळं फ्रँकच्या खात्यावर टाकता येणार नाही.

मग दुसरा तट बरोबर म्हणायचा का? शेवटी पडद्यावर मॅक्सची पोलिसांनी काढलेली छायाचित्रं एकामागून एक येतात आणि तो उलट तरुण होत होत थेट पोरवयात जातो. ‘हा पहिल्यापासून असाच’ म्हणणाऱ्यांना हा पुरावा वाटतो. पण त्याच चित्रांत हेही दिसतं की हा माणूस मोठाच मुळी कोठडीत झाला. चित्रं तीच असतात, पाहणारा त्यांत आपापला सिद्धांत वाचतो.

मूळ कादंबरी लिहिणाऱ्या एडवर्ड बंकरचं आयुष्य ‘पहिल्यापासून असाच’ या सिद्धांताला चांगलंच अडचणीत आणतं. १९३३ साली जन्मलेला बंकर सतराव्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन तुरुंगात गेला. तो तिथला त्या वेळचा सर्वांत लहान कैदी होता. सुटका, पुन्हा गुन्हा, पुन्हा तुरुंग हे चक्र पुढे दोन दशकांहून अधिक काळ चाललं. मधल्या काळात मूकपटांतली अभिनेत्री लुईझ फाझेंडा हिने त्याच्यावर माया केली आणि त्याला एक टाइपरायटर पाठवला. ‘नो बीस्ट सो फिअर्स’ ही ती कादंबरी १९७३ साली छापून आली तेव्हा तो तुरुंगातच होता. १९७५ साली तो बाहेर आला, ‘स्ट्रेट टाइम’च्या पटकथेवर त्याने काम केलं, त्यात छोटी भूमिकाही केली. २००५ साली तो वारला. त्या तीस वर्षांत तो पुन्हा तुरुंगात गेला नाही. मॅक्सचा भूतकाळ बंकरने स्वतःच्या भूतकाळातून घडवला, पण दोघांचे शेवट वेगळे झाले. भूतकाळातून माणसाचा शेवट ठरत असता तर हे घडलं नसतं.

लुईझ फाझेंडाच्या मायेनंतरही बंकर अनेकदा घसरला, हेही तितकंच खरं आहे. एका दयाळू हाताने माणूस एका रात्रीत पालटतो, ही समजूत भाबडी आहे. त्या मदतीचं फळ दिसायला वर्षं गेली आणि ती करणारी बाई ते पाहायला हयात नव्हती.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तेव्हा काय चाललं होतं, हे प्रेक्षकांच्या वादात सहसा येत नाही. १९१७ पासून तिथे अनिश्चित मुदतीची शिक्षा होती. न्यायाधीश नेमका आकडा ठरवत नसे. कैदी सुधारला असं सुटकेचा निर्णय घेणाऱ्या मंडळाला वाटलं की तो सुटे. कल्पना उदार होती: सूड नको, सुधारणा हवी. प्रत्यक्षात तिने कैद्याला अधांतरी टांगून ठेवलं, कारण आपण आतून बदललो हे कोणी सिद्ध कसं करायचं? १९७६ साली तिथल्या विधिमंडळाने ही पद्धत मोडली आणि तुरुंगवासाचा हेतू शिक्षा हाच आहे, असं कायद्यात स्पष्ट लिहून ठरावीक मुदती आणल्या. ऐकायला हे कठोर वाटतं, पण त्यात एक न्याय आहे. अपराधाच्या मापाने दिलेल्या शिक्षेला शेवट असतो. अंतःकरणाच्या शुद्धीवर टांगलेल्या शिक्षेला तो नसतो. फ्रँक मॅक्सकडून नेमकी ही न दाखवता येणारी गोष्ट मागत असतो.

भारतीय धर्मविचारात हाच पेच आहे. मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो की राजाने दंड केलेला पापी निर्मळ होतो आणि पुण्यवंतांच्या गतीला जातो. अकराव्या अध्यायात त्यापुढचा विधी आहे. महापातक्याला बहिष्कृत करताना त्याच्या नावाने पाण्याचा घडा लाथेने उपडा करायचा, जणू तो मेलाच. त्याने प्रायश्चित्त पुरं केलं की आप्तांनी त्याच्याबरोबर पवित्र जलात स्नान करायचं आणि नवा घडा पाण्यात सोडायचा. प्रायश्चित्त घेतलेल्याची कधीही घृणा करू नये, अशी आज्ञा तिथेच दिलेली आहे. हाच ग्रंथ वर्ण पाहून दंड कमीजास्त करतो. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने त्याचं दहन झालं आणि तो निषेध न्याय्य होता. तरीही या विधीतला एक विचार जपण्याजोगा आहे. प्रायश्चित्त एकट्याने करायचं असतं, पण परत येणं एकट्याच्या हातात नसतं. आप्तांनी पाण्यात उतरल्याशिवाय ते पुरं होत नाही. मॅक्सने सहा वर्षं भोगली. त्याच्यासाठी पाण्यात कोणी उतरलंच असेल तर नोकरी मिळवून देणाऱ्या कचेरीतली त्याची प्रेयसी जेनी मर्सर, तीही एकटी.

बौद्ध परंपरेतली अंगुलिमालाची कथा या प्रश्नाला आणखी पुढे नेते. बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर बुद्धाला शरण जाऊन भिक्षू होतो. त्याला पकडायला निघालेला राजा प्रसेनजित त्याला चीवरात पाहून आधी घाबरतो, मग त्याची सेवा करायला तयार होतो. श्रावस्तीचे लोक मात्र राजाइतके उदार होत नाहीत. भिक्षेला गेलेला अंगुलिमाल डोकं फुटून, रक्तबंबाळ होऊन परततो. बुद्ध लोकांना दोष देत नाही. हे तुझ्याच कर्माचं फळ आहे, सहन कर, असं तो अंगुलिमालाला सांगतो.

विनयपिटकातली पुढची नोंद फारशी सांगितली जात नाही. अशा कुख्यात दरोडेखोराला संघात घेतल्याने लोक बिथरले आणि बुद्धाने नियम घातला की यापुढे नामांकित चोराला दीक्षा देऊ नये. अंगुलिमालाला मात्र संघाबाहेर काढलं गेलं नाही. एका माणसाचं परिवर्तन खरं मानलं गेलं आणि लोकांच्या भीतीलाही मान दिला गेला. प्रेक्षकांच्या वादात मॅक्सची बाजू घेणारे या भीतीला अनेकदा विसरतात. ज्याच्या दुकानात बंदूक रोखली गेली, त्याच्याकडे क्षमेचा हट्ट धरायचा अधिकार कोणालाही नाही. क्षमा बळी ठरलेल्याची असते आणि ती मागता येते, वसूल करता येत नाही. शिक्षा संपल्याची दखल घेणं हे मात्र समाजाचं आणि शासनाचं कर्तव्य आहे. ते कोणाच्या मर्जीवर सोडता येत नाही. ‘स्ट्रेट टाइम’मध्ये हे कर्तव्य चुकतं, आणि त्यानंतर मॅक्स जे करतो ते त्याचं स्वतःचं असतं. दोन्ही तटांना अर्धं सत्य सापडलेलं आहे. एक अर्धं दुसऱ्याला खोडत नाही.

विश्वासाचा प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. ना भिंती, ना पहारा. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ केला. त्यातला जेलर सहा खुन्यांना माळरानावर नेऊन शेती करायला लावतो. फ्रँक आणि हा जेलर दोघेही नजर ठेवतात, पण एकाची नजर चूक शोधत असते आणि दुसऱ्याची माणूस.

उलट प्रयोगही याच भूमीवर झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ‘हा जन्मापासून असाच’ हा समज थेट शासनाचं धोरण बनवला. पुढे महाराष्ट्रातल्या पारध्यांसह अनेक जमाती त्याच्या कक्षेत आल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड अशा जमातींची वसाहत होती. १९५२ साली कायदा रद्द झाला, पण त्याच्या जागी राज्यांचे सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि चोरी झाली की पोलीस पारध्यांच्या पालांकडे वळण्याची रीत चालू राहिली. ज्याने कधी शिक्षाच भोगलेली नाही त्याची शिक्षाही संपत नाही, असा हा प्रकार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असंही बजावलं. निकालाची अंमलबजावणी आता राज्यांनी आणि पोलीस ठाण्यांनी करायची आहे. सुटून आलेल्याला खोली देणारा घरमालक आणि त्याचा अर्ज वाचणारा मालक यांच्यावर मात्र कुठल्याही न्यायालयाचा हुकूम नाही, आणि मॅक्ससारख्यांची पहिली गाठ त्यांच्याशीच पडते.