मुखातून निघालेला शब्द कोणाचा?



जबलपूर शहराच्या घमापूर भागात आमचे बिऱ्हाड आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील अकरा वर्षांचा मुलगा उपासनेच्या वेळी वारंवार डोळे मिचकावू लागला. पुढे मान झटकणे आले, घसा खाकरणे आले; आणि एका रविवारी, प्रभुभोजनाच्या गंभीर शांततेत, त्याच्या तोंडून एक अभद्र शब्द मोठ्याने बाहेर पडला. कोणी आईबापांच्या संस्कारांना दोष दिला, कोणी भूतबाधा म्हटले. मी वडीलधारा, त्यातून ईश्वरविज्ञान शिकलेला. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, “बाळ, तासभर जिभेला आवर घालता येत नाही का?”

खाली मान घालून तो म्हणाला, “काका, थोडा वेळ धरून ठेवता येतं. पण मग सगळं लक्ष त्यातच जातं. प्रार्थना ऐकूच येत नाही.”

मी निरुत्तर झालो. पुढे मेंदूच्या डॉक्टरांनी या विकाराचे नाव सांगितले : टूरेट सिंड्रोम. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील जॉर्ज जिल द ला टूरेट या डॉक्टरांनी १८८५ साली अशा नऊ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव. हा विकार बालपणी सुरू होतो. मुलींपेक्षा मुलांत तो तीनचार पटींनी अधिक आढळतो. दहा-बारा वर्षांच्या वयात त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि पुष्कळांच्या बाबतीत तारुण्यात तो ओसरतो. अभद्र शब्द सर्वांच्याच तोंडी येत नाहीत. दहांतील एखाद्याच्याच वाट्याला ते दुःख येते. अतिचंचलता किंवा एकच कृती पुनःपुन्हा करण्याची ओढ मात्र पुष्कळदा सोबतीला असते.

याचे मूळ मेंदूत आहे. आपल्या मेंदूच्या खोल भागात बेसल गँग्लिया नावाचे पेशीसमूह आहेत. मेंदूच्या पृष्ठभागाकडून येणाऱ्या अनेक प्रेरणांपैकी हवी ती पुढे जाऊ देणे व बाकीच्या अडवून धरणे, हे त्यांचे काम. जणू वेशीवरचा पहारेकरीच. डोपामीन हे रसायन या कामात महत्त्वाचे असते. टूरेटमध्ये हा पहारा सैल पडतो आणि नको असलेली हालचाल वा आवाज निसटतो. त्याआधी शरीरात एक असह्य कळ दाटून येते, शिंकेपूर्वी येते तशी. शिंक क्षणभर दाबता येते, पण म्हणून आपण ती मुद्दाम काढतो असे कोणी म्हणत नाही.

आता खरा प्रश्न. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू शिकवितो की, माणसाला विटाळ होतो तो तोंडात जाणाऱ्या अन्नाने नव्हे, तर अंतःकरणातून उगम पावून मुखावाटे बाहेर पडणाऱ्या गोष्टींनी. मग त्या बालकाचा शब्द त्याच्या अंतःकरणाची साक्ष ठरतो काय?

शास्त्राचे भाषांतर करताना या एका शब्दापाशी मी अनेकदा थांबलो आहे. मूळ ग्रीक शब्द ‘कार्डिया’, आणि त्यामागे उभा असलेला इब्री शब्द ‘लेब’. आपल्याकडे ‘हृदय’ म्हटले की भावना आठवतात. इब्री माणसाला मात्र ‘लेब’ म्हटले की विचार, निश्चय आणि संकल्प आठवत. शलमोनाने राज्य चालविण्यासाठी देवाजवळ मागितले ते ऐकणारे ‘लेब’च. म्हणून मला ‘अंतःकरण’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. आपल्या परंपरेत त्यात मन आणि बुद्धी दोन्ही येतात. प्रभूने त्या अध्यायात दिलेली पापांची यादीही दुष्ट विचारांपासूनच सुरू होते. ज्या शब्दामागे विचार नाही, संकल्प नाही, तो मुखातून निघाला तरी अंतःकरणातून निघालेला नसतो.

येथे चाणाक्ष वाचक विचारील, “माझा क्रोधसुद्धा मेंदूतूनच उठतो. मग मीही निर्दोष काय?” शंका रास्त आहे. मेंदूशिवाय आपली प्रार्थनादेखील होत नाही. तेव्हा केवळ मेंदूचे कारण सापडले म्हणून दोष पुसला जात नाही. कसोटी वेगळी आहे. माझ्या क्रोधाला बोध करता येतो; कोणी समजावले, मी पश्चात्ताप केला, तर तो हळूहळू निवतो. टूरेटच्या झटक्याला बोध कळत नाही. रागावल्याने, सर्वांनी रोखून पाहिल्याने तो उलट वाढतो. जेथे बोध पोहोचू शकतो तेथेच दोष ठेवता येतो. जेथे पोहोचत नाही, तेथे दोष ठेवणे हाच अन्याय.

१७५५ साली इंग्रजी भाषेचा थोर कोश सिद्ध करणारे डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचे हातवारे व विचित्र आवाज त्यांच्या समकालीनांनी लिहून ठेवले आहेत. त्यांवरून आजचे अनेक वैद्य त्यांना टूरेट असावा असे मानतात. चित्रकार होगार्थ यांनी त्यांना एका घरात खिडकीशी मान हलवीत, डुलत उभे पाहिले आणि नातलगांनी तेथे सांभाळायला ठेवलेला कोणी मतिमंद असावा असे समजले. क्षणात जॉन्सन पुढे येऊन बोलू लागले, तेव्हा होगार्थ थक्क झाले. या भाविक पुरुषाने स्वतः रचलेल्या प्रार्थना त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या.

भूतबाधा म्हणणाऱ्या बंधुभगिनींना एवढेच सांगेन की, मत्तयाच्या चौथ्या अध्यायात भूतग्रस्त आणि फेफरेकरी यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत. सर्व व्याधी एका नावाखाली घालण्याची घाई शुभवर्तमानकारानेही केली नाही. प्रार्थना अवश्य करावी, पण डॉक्टरांकडेही न्यावे. औषधे आहेत, आणि कळ ओळखून तिच्या जागी दुसरी हालचाल करण्याचे शिक्षणही आहे. २०१० साली मुलांवर झालेल्या चाचणीत ते गुणकारी ठरले.

नंतर मी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याची क्षमा मागितली. ज्या बोलण्याने उपासनेला खरी बाधा आली, ते त्याचे नव्हते. विचार करून, शब्द निवडून बोललो होतो तो मी. आता तो आपल्या आईवडिलांशेजारी पुढच्या बाकावर बसतो. मधूनच आवाज उठतो. कोणी मागे वळून पाहत नाही, आणि प्रार्थना त्याला ऐकू येते.