दप्तरातील शब्दप्रमाण

रक्तमिश्रित अतिसार होऊन गेलेल्या एखाद्या मुलाच्या रक्तातील तांबड्या पेशी सूक्ष्म वाहिन्यांतून जाताना फाटू लागाव्यात, प्लेटलेट झपाट्याने घटाव्यात आणि मूत्रपिंडांनी काम टाकावे, या तिहेरी आपत्तीला १९५५ साली गासर या स्विस बालरोगतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम असे नाव दिले. अमेरिकेच्या रोगवर्गीकरणात तिचा संकेतांक डी ५९.३ असून तिची जागा रक्तरोगांच्या प्रकरणात आहे. मूत्रपिंडाच्या वैद्यांना हे फारसे रुचत असेल असे वाटत नाही.

रुग्ण घरी गेल्यावर त्याचे कागद निदानांना संकेतांक देणाऱ्या ज्या कोडरच्या हाती पडतात (आणि असे कोडर आज पुण्या-हैदराबादेतही बसलेले असतात) त्याच्यासमोर प्रयोगशाळेचा अहवाल उघडाच असतो: शिरस्त्राणाच्या आकाराचे पेशींचे तुकडे, उतरलेल्या प्लेटलेट, चढत गेलेले क्रिएटिनिन. पर्वत दिसतो, धूर दिसतो. परंतु अग्नी आहे असे म्हणण्याची मुखत्यारी त्याला नाही. उपचार करणाऱ्या वैद्याने निदान लिहिले नसेल, तर फार तर त्याने लेखी विचारणा करावी. प्रत्यक्ष आणि अनुमान यांना बाजूस सारून येथे एकट्या शब्दाला प्रमाण मानले आहे, आणि मला हा निर्बंध रास्त वाटतो. कारण ज्याने रुग्ण पाहिलेला नाही त्याला नैयायिक आप्त, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण धरावा असा जाणता, म्हणणार नाहीत, आणि ज्या आकड्यावर रुग्णालयाची रक्कम ठरते त्याच्याकडे झुकणारे अनुमान निःस्वार्थ राहील याची हमी कोणी द्यावी?

खरी अडचण संशयाची आहे. ‘बहुधा’ हा शेरा घेऊन दाखल रुग्ण घरी गेला, तर तो रोग सिद्ध झाल्याप्रमाणे नोंदवावा असा नियम आहे. तोच शेरा बाह्यरुग्णाच्या कागदावर असेल, तर रोग न नोंदवता केवळ लक्षणे नोंदवावीत. खाटेवरचा संशय निश्चय ठरतो, बाकावरचा संशयच राहतो! समर्थन असे की संशयित रोगासाठीही चाचण्या, रक्त, डायलिसिस यांचा खर्च सिद्ध रोगासारखाच होतो. जे कार्य घडविते तेच सत्, हा बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीचा निकष येथे आठवतो. मात्र तो लावू गेल्यास कार्य घडविले ते वैद्याच्या संशयाने, आणि नोंद मात्र रोगाच्या नावे झाली.

१ ऑक्टोबर २०२२ पासून डी ५९.३ चे संसर्गजन्य, आनुवंशिक, अन्य आणि अनिर्दिष्ट असे पोटभाग झाले. लक्षणांवर बांधलेला वर्ग कारणांवर फोडला गेला हे उचितच, कारण अतिसाराच्या जंतूंनी सोडलेल्या शिगा विषाने झालेल्या रोगात मुख्यतः शरीराला आधार देत थांबावे लागते, तर कॉम्प्लिमेंट या रक्तातील संरक्षक प्रथिनांच्या आनुवंशिक दोषाने झालेल्या रोगावर २०११ पासून एक्युलिझुमॅब हे अत्यंत महागडे औषध मान्य आहे. रोगाचे नाव सांगता आले नाही तर वैद्याने लाजू नये, कारण सर्वच रोगांना निश्चित नावे नसतात, असे अभय चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिलेले आहे. ‘अनिर्दिष्ट’ हा अंक त्या अभयाचीच सरकारी आवृत्ती म्हणता येईल. परंतु त्या महागड्या औषधाला मंजुरी देणाऱ्या विमा कंपनीला कारण आज हवे असते, आणि जनुकीय चाचणीचा अहवाल यावयास आठवडे लागतात.