गणपती ते शिमगा

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत मुंबईतल्या एका चाकरमान्याचं घर होतं. जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडालं, पोलादपुरात दरडी कोसळल्या, कितीतरी गावं अंधारात राहिली. तेव्हापासून त्याच्या मनात होतं. पुढच्या गणपतीला त्यानं इन्व्हर्टर आणि कोरी बॅटरी आणून बसवली.

पावसानं लाइट सारखी जात होती. शेवटच्या रात्री तर बॅटरी पार उतरेपर्यंत भजन चाललं. सकाळी मेन स्विच बंद करून त्यानं कुलूप लावलं आणि एसटी पकडली.

शिमग्याला आला, तर बॅटरी मेलेली! शेजारच्या काकींची पाच वर्षांची जुनी मात्र चालत होती. ती मेलेली बॅटरी घेऊन तो तडक महाडला बॅटरीवाल्याकडे गेला.

"दहा दिवस वापरली हो फक्त. काकींची रोज राबते, तिला काही होत नाही?"

"तिला राबल्यावर लगेच जेवायला मिळतं," म्हातारा म्हणाला. "तुमची सहा महिने उपाशी."

त्यानं हायड्रोमीटर लावला. १२५० च्या आसपास हवं तिथे ११०० सुद्धा भरेना.

"मग नवीन ॲसिड घाला."

"ॲसिड गेलंय कुठे? प्लेटांवर बसलंय. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिड शिशाला धरतं, त्याचं पांढरं मीठ होतं. ते ताजं असताना चार्जिंग केलं की विरघळतं आणि ॲसिड पुन्हा पाण्यात येतं. तसंच पडू दिलं की खडे धरतात. खड्यांतून वीज जात नाही, त्यांच्याखालची प्लेट असून नसल्यासारखी. वरून ॲसिड ओतलंत तर प्लेटाच खाईल."

प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून त्यानं बॅटरी खिडकीपाशी अगदी कमी करंटवर लावली. घाई केली तर ती नुसती तापते, खडे सुटत नाहीत. तीन दिवस लागले. आकडा चढला, पण पुरता नाही.

"जेवढं मऊ होतं तेवढं आलं. जे दगड झालं, ते गेलं," म्हातारा म्हणाला. पैसे त्यानं थोडेच घेतले.

त्या रात्री पंखा आणि दोन दिवे मध्यरात्रीपर्यंत चालले. गणपतीत पहाट झाली होती.

परतायच्या आदल्या रात्री पुन्हा लाइट गेली आणि बॅटरी निम्म्यावर आली. लाइट सकाळी दहाला आली, एसटी साडेदहाची. बॅग दारात भरलेली होती. त्यानं ती आत ठेवली, मेन चालू केला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीची चौकशी केली. मग काकींकडे जाऊन घराची किल्ली दिली. दर महिन्याला एक दिवस मेन चालू करायचा, पाणी बघायचं, नळाचं घालायचं नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं.