जुने अन्न आणि नवी जीभ

नव्या पिढीविषयी वडील माणसांनी ज्या तक्रारी करावयाच्या असा शिरस्ताच पडून गेला आहे, त्यांत अन्नाची तक्रार बहुधा पहिली असते. हुलग्याचे माडगे पुढे आले की मुले तोंड फिरवितात, शेंगोळ्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाही, नाचणीची आंबील तर कित्येक घरांतून नावापुरतीही उरलेली नाही. यावरून धर्म बुडाल्याइतका खेद करणारी मंडळी आमच्या वाचकांच्याही घरी असतील. हा खेद खरा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तो न्याय्य आहे काय, हा निराळा प्रश्न आहे. आणि तोच आम्हांस येथे विचारावयाचा आहे.

उदाहरण म्हणून मावळातील सुदुंबरे हे गाव घ्यावे. तुकोबांचे अभंग वहीत उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे यांची समाधी येथे आहे. आज हे गाव चाकण व तळेगाव येथील कारखानदारीच्या मधोमध आले आहे. पाळीची वेळ गाठावयाची ज्याला घाई, त्याच्या घरी आदल्या रात्री पीठ भिजवून सकाळी आंबील शिजवीत कोण बसणार? पण घाई हे काही एकच कारण नव्हे. मावळ हा भाताचा मुलूख. येथल्या खाचरांत आंबेमोहोर पिके. त्याच्याच संकरातून निघालेला इंद्रायणी तांदूळ १९८७ पासून सर्वतोमुखी झाला. परंतु जो भात पिकवितो तो भात खातोच असे नाही. चांगला तांदूळ बाजारात जाई, आणि पुष्कळ कुटुंबांच्या वाट्यास डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतील नाचणी व वरई येई. म्हणजे ज्यास आपण पूर्वजांची आवड म्हणतो, ती बऱ्याच अंशी पूर्वजांची निरुपायता होती. आजोबांनी पिकविला पण खाल्ला नाही, तो भात आज नातू पोटभर खातो. यास अधःपात म्हणावे, की उशिरा मिळालेला न्याय म्हणावे?

दुसरीही एक गोष्ट खेद करणारे विसरतात. ती नाचणी दळली कोणी? पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेल्या बाईस त्या भाकरीची गोडी किती वाटत असेल, हे तिला कोणी विचारले नाही. आणि सक्तीचे अन्न आठवणीतही गोड होत नाही, याचा दाखला १९७२ च्या दुष्काळाने दिला आहे. त्या वेळी रेशनच्या दुकानांतून परदेशची तांबडी मिलो ज्वारी मिळे. ती खाऊन जगलेली माणसे तिचे उपकार मानतील. पण ‘ती मिलो आता मिळत नाही’ म्हणून उसासा टाकणारा कोणी आमच्या तरी ऐकिवात नाही.

तेव्हा रुची ही आज्ञेने उत्पन्न होत नाही, आणि न आवडणे हा अपराधही नव्हे. मग नव्या पिढीवर काहीच ऋण नाही काय? आहे, परंतु ते जिभेचे नव्हे. ‘मला आवडत नाही’ आणि ‘हे गावंढळांचे खाणे आहे’ या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिले वाक्य पदार्थाविषयी आहे, दुसरे माणसाविषयी. काळसर भाकरी दिसू नये म्हणून शाळेत डब्याचे झाकण अर्धेच उघडणारे मूल नाचणीला लाजत नसते. ते आपल्या आईला लाजू लागलेले असते. ही लाज त्या मुलाने स्वतः शोधून काढलेली नाही. पांढरे ते शुभ्र, बारीक ते कुलीन, भरड ते हलके, हा हिशेब शहाण्यासुरत्या समाजानेच त्याच्या पुढ्यात मांडून ठेवलेला आहे.

त्याच समाजाची गंमत अशी की, २०१८ साली सरकारने या भरडधान्यांस ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे नवे नाव दिले, आणि २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्याच नावे साजरे केले. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, हे आता सुशिक्षित घरांतून मोठ्या आदराने सांगितले जाते, आणि नाचणीची बिस्किटे चढ्या भावाने घरात येतात. धान्य तेच आहे. बदलले ते खाणाऱ्याचे घर. धान्यास मान मिळाला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले त्यांस तो मिळाला काय?

यावर कोणी म्हणेल, आवडत नसलेले जपावे तरी कशास? आमचे उत्तर असे की, आवड ही जाणारी-येणारी वस्तू आहे, ज्ञान मात्र एकदा गेले की परतत नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचे, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. छापील पाकग्रंथांची आपल्याकडे उणीव नाही. परंतु उताराच्या हलक्या जमिनीत नाचणी कशी घ्यावी, तिचे पीठ ताकात किती आंबवावे, हुलगे कोणत्या रंगावर भाजावे, हे शहाणपण बहुतांशी अक्षरओळख नसलेल्या हातांत राहिले. पाऊस रुसला की भाताचे खाचर कोरडे पडते, आणि तेव्हा या धान्याची व या हातांची आठवण होते. ती होईल तेव्हा ते हात असावयास हवेत, किंवा निदान त्यांनी सांगितलेले कोणी लिहून ठेवलेले असावयास हवे.

सुदुंबऱ्यास ज्यांची समाधी आहे ते पुरुष धंद्याने तेली होते. घाणा चालविणाऱ्या हातांनीच त्यांनी वही धरली. त्या गावच्या, आणि आपल्याही घरच्या मुलांकडून एवढेच मागावे: माडगे आवडीने प्या असा हट्ट नको, पण ते करणारी म्हातारी आहे तोवर तिच्याजवळ बसून ते कसे करतात हे विचारून घ्या, आणि ते पिऊन ज्यांनी दिवस काढले त्यांना हसू नका. इतके झाले तर वडील माणसांनीही आपली तक्रार आवरती घ्यावी, आणि नातवाच्या ताटातील भाताकडे समाधानाने पाहावे.